घाटात शहाणी, सरळ रस्त्यावर वेडी

जुन्या फियाटमध्ये शेजारी बसलेला माणूस घाट आला की दाराचं हँडल घट्ट धरतो. मला हसू येतं, कारण घाबरायची जागा तो चुकलेला असतो. स्टेअरिंगला प्ले असलेली, म्हणजे चाकं न वळता स्टेअरिंग थोडं पोकळ फिरणारी, गाडी आंबोलीच्या वळणावर बऱ्यापैकी शहाणी असते. वळताना चाकं सारखी सरळ व्हायला बघतात, त्यामुळे स्टेअरिंगला एकाच बाजूची ओढ लागते आणि सांध्यांमधली सगळी ढिलाई एका अंगाला दबून बसते. एका वळणातून उलट्या वळणात शिरताना तेवढा हात पोकळ फिरतो, मग पुन्हा पकड येते. (बेळगावहून आंबोलीला जाताना बाचीच्या पुढं शिनोळीला राज्य बदलतं. स्टेअरिंगच्या लेखी काही बदलत नाही.)

खरी परीक्षा निपाणीच्या हायवेवर. तिथं ओढ कुठल्याच बाजूला नाही. गाडी जराशी डावीकडं झुकते, आपण उजवीकडं फिरवतो, काही होत नाही. आणखी फिरवतो, काही होत नाही. मग एकदम होतं. त्यात उसाचा हंगाम असला तर पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. तोही डुलतोय, आपणही डुलतोय. ओव्हरटेक करायला दोघांचं डुलणं जुळावं लागतं.

याचं मूळ बऱ्याचदा स्टेअरिंग बॉक्समध्ये असतं. पद्मिनीच्या, म्हणजे आमच्या फियाटच्या, बॉक्समध्ये वर्म असतो, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा. अँबेसिडरला रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं छोटं चक्र) होतं, हे अँबेसिडरवाले अजून ऐकवतात. ती गाडी 2014 साली बंद झाली, तोरा तेवढा चालू आहे. कुठलीही गाडी जास्त चालते ती सरळच. त्यामुळे वर्म मधोमध झिजतो आणि टोकाचे आटे जवळजवळ कोरे राहतात. बॉक्सवर एक अ‍ॅडजस्टिंग स्क्रू असतो, तो हाताला सहज येतो, म्हणून जो तो आधी त्यालाच पिळतो. मधला प्ले पार जाईपर्यंत आवळला, की पूर्ण वळवल्यावर न झिजलेले आटे अडकून धरतात आणि वळण संपलं तरी स्टेअरिंग आपणहून माघारी येत नाही. त्यापेक्षा थोडा प्ले बरा.

बेळगावात उद्यमबागेकडचे आमचे मिस्त्री त्या स्क्रूला शेवटी हात लावतात. आधी स्वतः गाडीखाली सरपटतात आणि मला वर बसवतात. इंजिन बंद, चाकं जमिनीवर. “हळू हलवा की सर, जोर नको. नुसतं इकडं-तिकडं.” मग एकेका सांध्यावर बोट ठेवून बघतात: चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे जॉइंट, दांड्यांना दुसऱ्या बाजूनं आधार देणाऱ्या आयडलर आर्मचा बुश, बॉक्स धरून ठेवणारे बोल्ट. सांध्याची एक बाजू हलली आणि दुसरी जागेवरच राहिली, की तो सांधा गेला. पुढं जॅकवर चाक उचलून ते डावी-उजवीकडं धरून हलवायचं, मग वर-खाली धरून. पहिल्यात खटखट आली तर संशय टाय रॉडवर, दोन्हीत आली तर बेअरिंगवर. एकच गुन्हेगार क्वचितच सापडतो. गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीसारखा प्ले प्रत्येकाकडून थोडा थोडा जमलेला असतो.

आमच्याकडं काही काका मंडळी आहेत, “माझ्याशिवाय कुणाला चालवता येत नाही ही गाडी” असं कौतुकानं सांगणारी. मला हे कौतुक पटत नाही. दोष गाडीचा आणि विद्या म्हणून मिरवायची आपण! एक मात्र खरं, प्ले इतका हळू वाढतो की हाताला कळतच नाही. म्हणून वर्षाकाठी एकदा गाडी दुसऱ्याच्या हातात द्यावी आणि त्याचा चेहरा बघावा.

जॉइंट बदलले की टो, म्हणजे पुढची चाकं एकमेकांच्या मानानं किती आत-बाहेर वळलीत ते, बघावाच लागतो, नाहीतर टायर कडेनं खाल्ले जातात. अलाइनमेंटच्या दुकानात कॉम्प्युटर असतो, पण आमच्या गाडीचं नाव त्यात सापडत नाही. तिथला मुलगा यादी खाली-वर करत राहतो. “हे मॉडेल दिसंना झालंय सर,” म्हणतो. मिस्त्री त्याच्याकडं दोरी मागतात.