बॅटरी एक, सेल चार प्रकारचे आणि बाथरूम तीन तास बंद

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. त्यामुळे दुकानात "बॅटरी द्या" म्हटलं की दुकानदार आधी विचारतो, बॅटरी की बॅटरीतले सेल. असो.

तर झालं असं की मागच्या पौर्णिमेला कात्रज ते सिंहगड नाइट ट्रेक केला, पौर्णिमा नावालाच कारण वर सगळे ढग. जुन्या बोगद्यापासून निघालो तेव्हा मावसभावाची नवीकोरी बॅटरी, त्यात नवेकोरे अल्कलाइन सेल, असा झगझगीत उजेड की माझी बॅटरी लावायची मला लाजच वाटत होती. तिसऱ्या की चौथ्या टेकडीच्या उतारावर (तेरा आहेत म्हणतात, मी मोजायच्या नादी लागत नाही) मुरमावरून तो घसरला आणि म्हणाला काही दिसतच नाहीये रे. मी माझी बॅटरी त्याच्या शेजारी लावली तर त्याचा उजेड देवापुढच्या निरांजनाएवढा. गंमत म्हणजे त्याला तोपर्यंत पत्ताच नव्हता. तो म्हणतोय मघाशी होता तेवढाच आहे की!

हे डोळ्यांचं नेहमीचंच आहे, उजेड हळूहळू कमी झाला की डोळे त्याला सरावत जातात, निम्मा उजेड झाला तरी निम्मा झाला असं वाटत नाही, जरासा कमी वाटतो. म्हणून घरी आल्यावर ठरवलं की डोळ्यांवर विश्वास नको, मोजूनच बघू.

पुण्यातल्या तपकीर गल्लीतून तीन पेन्सिल सेलवाली एक साधी बॅटरी आणली, जिच्यात सर्किट वगैरे काही नाही, सेल, बटण, एक रेझिस्टर आणि एलईडी. मुद्दामच तसली घेतली कारण सेलचा स्वभाव तिच्यात सरळ दिसतो. मग आमचं बाथरूम, पांढऱ्या टाइल्स, खिडकीला पुठ्ठा लावला, बॅटरी उलट्या बादलीवर छताकडे तोंड करून उभी आणि शेजारी मोबाइलवर उजेड मोजणारं लक्स मीटरचं ॲप. मोबाइलचं सेन्सर काही लॅबमधलं नाही, पण तोच फोन त्याच जागी ठेवला तर उजेड किती उतरला ते नीट कळतं. अल्कलाइनच्या पहिल्या आकड्याला मी शंभर धरलं आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघितलं. दुसऱ्या तासाला बाबा बाहेरून ओरडले, "अरे ती बॅटरी आंघोळ करतीये का?"

साधे झिंक कार्बनवाले सेल, जे आपण घड्याळात आणि रिमोटमध्ये घालतो, त्यांच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सुरुवातच ऐंशीच्या खाली, अर्ध्या तासात निम्म्यावर, तासाभरात नुसती एलईडी दिसते, उजेड नाही. घड्याळाला कणभर करंट लागतो तिथे हे वर्षभर चालतात, बॅटरीसारखं एकदम ओढलं की धाप लागते.

अल्कलाइनची सुरुवात खरंच दमदार. नव्या सेलचा व्होल्टेज दीडच्या थोडा वरच असतो, तिनांचे मिळून साडेचारच्या पुढे. पण वापरायला लागलं की पहिल्या मिनिटापासून उतरतीच, तासाभरात साठ, दोन तासांत चाळीसच्या आत, आणि मग एक लांबच लांब शेपूट, मिणमिण मिणमिण, संपतही नाही आणि उपयोगही नाही. हीच शेपूट बॉक्सवरच्या तासांमध्ये मोजलेली असते! बऱ्याच चांगल्या बॅटऱ्यांवर एएनएसआय एफएल१ असं लिहिलेलं असतं, हे बॅटऱ्या मोजायचं अमेरिकन मानक, त्यात रनटाइम म्हणजे चालू केल्यावर तिसाव्या सेकंदाला जो उजेड असतो तो दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे २०० लुमेनची (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) बॅटरी २१ लुमेनवर आली तरी कागदोपत्री ती "चालू" आहे. मावसभाऊ घसरला तेव्हा त्याची बॅटरीही कागदोपत्री चालूच होती.

आता रिचार्जेबल, निकेल मेटल हायड्राइडवाले, २००० एमएएचचे (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप). यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून लोक नाक मुरडतात, मीही मुरडायचो. आणि सुरुवातीला ते खरंच मागे होते, ऐंशीच्या आसपास. पण तासाभराने पंचाहत्तर, दोन तासांनी सत्तरच्या वर, म्हणजे पहिल्या तासातच अल्कलाइनला मागे टाकून हे आपले निवांत चाललेत. यांचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतूनच करंटला होणारा अडथळा, कमी, त्यामुळे जास्त करंट ओढला तरी व्होल्टेज बसत नाही. अल्कलाइनची क्षमता कागदावर २५०० च्या पुढे असते पण ती हळूहळू वापरलं तर, जोरात ओढलं की त्यातली बरीचशी हाती लागतच नाही. रिचार्जेबलचा दोष एकच, जाताना सांगून जात नाहीत. तीन तासांच्या पुढे पाच-दहा मिनिटांत खेळ खलास. त्यामुळे ट्रेकला दुसरा सेट खिशात हवाच.

आणि हो, जुने-नवे सेल एकत्र घालू नका. तिनातला एक आधी संपला की बाकीचे दोघं त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलतात आणि तो उलटा चार्ज व्हायला लागतो, रिचार्जेबल असेल तर तो कायमचा बिघडतो, अल्कलाइन असेल तर गळतो आणि ती पांढरी बुरशी स्प्रिंगवर चढते.

चौथा प्रकार माझ्या स्वतःच्या बॅटरीतला, १८६५० लिथियम आयन, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. याची तुलना त्याच बॅटरीत करता येत नाही कारण हा मावतच नाही, त्यामुळे हा सामना तसा बरोबरीचा नाही. पण हिशोब करा, रिचार्जेबल पेन्सिल सेल तीन मिळून साधारण सात वॅट-अवर (म्हणजे साठवलेली ऊर्जा) आणि ऐंशी ग्रॅम, हा एकटा दहाच्या वर आणि पन्नास ग्रॅमच्या आत. वर माझ्या बॅटरीत एलईडीला जाणारा करंट सांभाळणारं ड्रायव्हर सर्किट आहे, सेल ४.२ व्होल्टवरून खाली येत गेला तरी मिडियमवर उजेड जवळजवळ सरळ रेषेत राहतो. टर्बो मोडवर, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडावर, मात्र काही मिनिटांत बॅटरी तापते आणि सर्किट स्वतःच उजेड उतरवतं, म्हणजे बॉक्सवरचे १००० लुमेन हे मित्रांना दाखवण्यापुरते. घेताना एकच बघा, कव्हरवर ९९०० एमएएच वगैरे लिहिलं असेल तर सरळ ठेवून द्या, या आकाराचे चांगले सेल साधारण साडेतीन हजारांच्या आसपास असतात.

ट्रेकला मी हाच नेतो. मावसभावाला रिचार्जेबलचे दोन सेट आणि चार्जर घ्यायला लावलंय, कुरकुरत घेतलंन.

झिंक कार्बनवाले मेलेले तीन सेल मी टाकून देणार होतो. सकाळी बघतो तर बाबांनी ते गॅलरीच्या कट्ट्यावर उन्हात मांडून ठेवलेले, लहानपणी रेडिओचे सेल ठेवायचे तसे. मी म्हटलं बाबा, यात चार्ज बिर्ज काही होत नाही, विश्रांती मिळाली की आत साचलेला वायू जिरतो आणि उबेने रासायनिक क्रिया जरा जोर धरते, एवढंच. "मग तेच म्हणतोय ना मी," म्हणाले. संध्याकाळी सेल घातले, बॅटरी लागली, आणि बाबा तेवढ्या उजेडात खाली पार्किंगमध्ये स्कूटरखाली पडलेली किल्ली शोधून वरही आले.