बंद एसीतून येणारा वास

काकूंनी फोनवर सांगितलेली तक्रार ऐकून मी आधी नाहीच म्हणणार होतो. "बेडरूममध्ये गटाराचा वास येतो, आणि तो एसीतून येतो. एसी बंद असताना." घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या अलीकडचा टॉवर, बराच वरचा मजला. आम्ही एसीची कामं घेत नाही. घरात ताजी हवा आणणारी मशीन बसवायची आणि त्यांची सर्व्हिस करायची, एवढाच आमचा धंदा. पण त्या घरात असं मशीन होतं, दुसऱ्या कुणीतरी बसवलेलं, आणि बाकी सगळे येऊन हात टेकून गेले होते.

एसीवाला दोन्ही युनिट जेट पंपाने धुऊन गेला होता आणि जाता जाता गॅस कमी असल्याचंही सांगून गेला होता. वासाचा गॅसशी काय संबंध ते त्यालाच ठाऊक. प्लंबरने बाथरूममधले नहाणी ट्रॅप साफ करून त्यात अ‍ॅसिड ओतलं होतं. पेस्ट कंट्रोलवाल्याच्या मते फॉल्स सीलिंगमध्ये उंदीर मेला होता. काकू रोज संध्याकाळी कापूर जाळत होत्या.

ही मशीन अजून फार घरांत नाहीत, म्हणून थोडं सांगतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची हवा आत आणत नाही. दारं-खिडक्या लावून चार माणसं झोपली की कार्बन डायऑक्साइड चढत जातो. बाहेर तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२०, असतो, बंद बेडरूममध्ये पहाटेपर्यंत सहज दीड-दोन हजारांवर जातो. आमच्या मशीनमध्ये दोन पंखे असतात. एक बाहेरची हवा फिल्टरमधून बेडरूम-हॉलमध्ये सोडतो, दुसरा बाथरूमकडची शिळी हवा ओढून बाहेर टाकतो. मधल्या कोअरमध्ये दोन्ही हवा एकमेकींत न मिसळता शेजारून जातात आणि उष्णतेची देवाणघेवाण होते. थंड देशांत याला एचआरव्ही म्हणतात, तिथे घरातली ऊब वाचवायला ते लागतं. आपल्याकडच्या दमट हवेत ओलावाही अडवावा लागतो, म्हणून ईआरव्ही. आणि खरं सांगायचं तर ठाण्यात डिसेंबर-जानेवारीत आत-बाहेरच्या तापमानात फरकच एवढा थोडा असतो, की कोअरला काम उरत नाही. तेव्हा लोक हे मशीन चालवतात ते फिल्टरसाठी. मेट्रोचं काम, रात्रभर धावणारे ट्रक आणि शेजारी उठणारा नवा टॉवर, हे सगळं असताना खिडकी उघडी ठेवायची म्हणजे दिवसातून दोनदा फरशी पुसायची.

दार काकांनी उघडलं. कडी निघाली आणि दार कुणी बाहेरून ढकलावं तसं त्यांच्या अंगावर आलं. "हे असं हल्ली होतं," काका हसत म्हणाले. "वारा फार आहे ना इथे." मी मात्र चपला काढता काढता तिथेच थांबलो. पॅसेजमध्ये वारा अजिबात नव्हता.

मी काकूंकडे उदबत्ती मागितली. त्यांना वाटलं, हाही वास मारायलाच आलाय. कंपन्या धुराच्या पेन्सिली विकतात, पण उदबत्तीइतकं चांगलं काम त्या करत नाहीत असं माझं मत आहे. दार लावून खालच्या फटीशी उदबत्ती धरली. धूर सरळ वर न जाता आत वळला. हॉलच्या सरकत्या खिडकीच्या खाचेपाशी तोच प्रकार. घर सगळ्या फटींमधून हवा आत ओढत होतं.

"काकू, वास कधी जास्त असतो?"

"सकाळी डबा करताना आणि रात्रीच्या स्वयंपाकाला. म्हणून तर मला आधी वाटलं किचनच्या सिंकमधून येतोय."

"चिमणी लावता तेव्हा?"

त्या थोड्या थांबल्या. "हो की."

किचनची चिमणी लावून आम्ही बेडरूममध्ये गेलो. काकांनी स्टुल धरलं, मी एसीच्या फ्लॅपपाशी उदबत्ती नेली. बंद एसीतून हवा बाहेर येत होती. धुराची रेघ खोलीच्या मध्यापर्यंत वाकली आणि तिच्यामागोमाग तो वासही आला. माझ्यासोबतच्या पोराने नाकाला रुमाल लावला.

एसीचं पाणी जायला भिंतीतून गाडलेला पाइप असतो. या टॉवरमध्ये बिल्डरच्या माणसांनी तो सरळ सांडपाण्याच्या लाइनला जोडला होता, मध्ये पाणी धरून ठेवणारा यू-ट्रॅप न देता. उन्हाळ्यात एसीतून पाणी गळत असतं, पाइप ओला असतो, कुणाला काही कळत नाही. थंडीत एसी बंद, पाइप कोरडा, आणि घर जर हवा ओढत असेल तर त्याला हा मोकळा रस्ता मिळतो. मी एसीचा ड्रेन सुटा करून त्याच्या तोंडात ओल्या फडक्याचा बोळा बसवला. पाच-दहा मिनिटांत वास उतरला. काकूंनी दारातूनच देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

पण घर हवा का ओढतंय, हे अजून उरलं होतं. बेडरूममधल्या ताज्या हवेच्या मशीनच्या जाळीशी तळहात धरला, काही लागेना. टिश्यू पेपर धरला, तो लोंबत राहिला. बाथरूमच्या जाळीवर तोच कागद चटकन चिकटला. म्हणजे हवा बाहेर टाकणारा पंखा जोरात, आणि आत आणणारा जवळजवळ बंद.

आता मशीन उघडायचं. पॅसेजच्या फॉल्स सीलिंगमधल्या ट्रॅप डोअरवर इंटिरियरवाल्याने अशी सुंदर झुंबराची प्लेट बसवली होती, की दार अर्धंच उघडत होतं. यावर जास्त बोलत नाही. या धंद्यातले अर्धे शिव्याशाप तिथेच खर्च होतात.

बाहेर जाणाऱ्या बाजूचा फिल्टर नेहमीचा, जाडसर, मळलेला पण ठीक. आत येणाऱ्या बाजूला मूळचे दोन्ही फिल्टर गायब. त्यांच्या जागी एक जाड, दाट चुण्यांचा पॅनल, कडेला पांढरी टेप लावून नीट बसवलेला. बाहेरच्या अंगाने तो डांबरासारखा काळा झाला होता.

"एच-तेरा आहे तो," खालून काका अभिमानाने म्हणाले. "९९.९५ टक्के! दिवाळीनंतर मुलाने जर्मनीहून सगळं वाचून सांगितलं, मी मापाचा बनवून घेतला. ऑपरेशन थिएटरला असाच लावतात."

काका चुकीचं काहीच बोलत नव्हते. एच-तेरा म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा हेपा वर्गाचा फिल्टर, आणि त्याचा आकडा खरा आहे. पण ऑपरेशन थिएटरचा पंखा इतक्या दाट फिल्टरमधून हवा ढकलायचा दाब पेलायला बनवलेला असतो, शिवाय एच-तेराच्या आधी दोन टप्प्यांत हवा गाळून घेतात. घरगुती मशीनचा पंखा साधारण शंभर-दीडशे पास्कल दाबाच्या हिशेबाचा. त्यात तो पॅनल नवाकोरा असतानाच हवा निम्म्यावर आली असणार. वर पुढचा जाडसर फिल्टर जागेअभावी काढलेला, म्हणजे घोडबंदरची सगळी धूळ, सिमेंट, किडे थेट त्या महागड्या कागदावर. काही आठवड्यांत तो बुजला. मशीनवर फिल्टरचा लाल दिवा लागला नाही, कारण बहुतेक मशीनमध्ये तो दिवा फिल्टर बघत नाही, नुसते तास मोजतो. काकांनी नवा फिल्टर घालताना तो रीसेट केला होता, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

"मग धुऊन घालू का?" काकांचा जीव तुटत होता. नको म्हटलं. एच-तेरा बहुतेक काचतंतूंच्या कागदाचा असतो, भिजला की कामातून गेला. एफ-सात, म्हणजे एच-तेराच्या खालच्या वर्गातला बारीक फिल्टर, तसल्या फिल्टरच्या कृत्रिम तंतूंवर बऱ्याचदा विजेचा भार दिलेला असतो, बारीक धूळ त्या ओढीने चिकटते. धुतला की दिसतो नव्यासारखा, गाळतो मात्र कितीतरी कमी. धुवायचा तो पुढचा जाडसरच.

व्हॅनमधला एक जाडसर फिल्टर तात्पुरता बसवला. बेडरूमच्या जाळीशी टिश्यू पेपर उडायला लागला, मुख्य दार कडी काढल्यावर जागेवर राहिलं. वागळे इस्टेटमधून नंतर एफ-सातचा पॅनल मापाने बनवून आणला. फिल्टर मोजायच्या नव्या आयएसओ १६८९० मानकात त्याच्या जवळ जाणारा वर्ग ईपीएम-१ असा लिहितात. सर्वांत बारीक धुळीचा निम्मा किंवा जास्त भाग तो अडवतो, आणि पंख्याला तो झेपतो. कडेला फोमची पट्टी हवीच, नाहीतर हवा फिल्टरला वळसा घालून जाते. आणि चौकटीवरचा बाण हवेच्या दिशेने.

तरी सगळा दोष फिल्टरवर टाकणं अन्यायाचं होईल. चिमणी एकटीच या मशीनच्या काही पट हवा बाहेर फेकते. पूर्वी काकू स्वयंपाक करताना किचनची खिडकी उघडायच्या, शेजारचा टॉवर सुरू झाल्यापासून बंद ठेवायला लागल्या. बुजलेला फिल्टर, बंद खिडकी, चिमणी आणि बिनट्रॅपचा पाइप, चारही एकाच थंडीत जुळून आले.

आम्ही निघायच्या बेतात असताना मुलाचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी फोन माझ्यासमोर धरला. "एच-तेरा काढलात? आईला दमा आहे हो," तो म्हणाला. काळजी खरी होती, म्हणून मी सरळ हिशेब सांगितला: फिल्टरमधून हवाच जात नसेल तर घरात येणारी हवा फटींतून येते, न गाळलेली. त्याच्या आईच्या खोलीत गेले काही आठवडे तीच येत होती. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मग बेडरूमला वेगळा प्युरिफायर?" म्हटलं, हो, त्याला स्वतःचा पंखा असतो, तिथे एच-तेरा शोभतो.

यू-ट्रॅप बसवायला प्लंबर दुसऱ्या दिवशी आला. फोनवर मी त्याला सांगितलं की एसी बंद असतो तेव्हाही त्यात मधून मधून तांब्याभर पाणी ओतावं लागेल, हे घरच्यांना सांग. "ते काकूंनीच मला सांगितलं," तो म्हणाला. "आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनीपण येऊन बसल्यात. त्यांच्याकडेही तसाच वास येतो म्हणे."