सीताफळाचं आईस्क्रीम घरी करताना

सीताफळाचं आईस्क्रीम बिघडतं ते बहुतेक वेळा फ्रीजरमध्ये जायच्या आधीच. फळं अर्धवट पिकलेली असतात, बिया काढायला मिक्सर लावलेला असतो, नाहीतर गर गरम दुधात पडलेला असतो. या शेवटच्या प्रकाराला इलाज नाही. सीताफळाचा गर तापला की कडवट होतो आणि वरून कितीही साखर घातली तरी तो कडूपणा घशाशी राहतोच. आमरसाला थोडी आच चालते, सीताफळाला नाही. म्हणून दूध आधी शिजवून पूर्ण गार करायचं आणि गर शेवटी, गारच घालायचा, एवढं मी कधीच मोडत नाही.

पुण्यात सासवड-पुरंदरचा माल येतो, मराठवाड्यात बालाघाटच्या डोंगरातला. बीडच्या सीताफळाला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एनएमके गोल्डन जातीचं फळ मोठं, बिया कमी, त्यामुळे गर काढायला सोपं. तरी आईस्क्रीमसाठी मी बालानगर घेते. गोठल्यावर कुठल्याही फळाचा वास दबतो, आणि माझ्या नाकाला बालानगरचा वास जास्त. डोळे उघडलेली, खाचांमध्ये पिवळसर पांढरी झाक आलेली पण हाताला घट्ट लागणारी फळं आणायची आणि कागदात किंवा तांदळात पिकू द्यायची. कच्ची फळं फ्रीजमध्ये ठेवली तर काळी पडतात, पिकत नाहीत. पिकल्यावर मात्र गर काढायच्या आधी दोन तास फ्रीजमध्ये ठेवावीत.

१ किलो फळांतून साधारण ४०० ग्रॅम गर निघतो. चमच्याने काढताना सालीला लागून असलेला रवाळ थर खरवडायचा नाही, तो आईस्क्रीममध्ये वाळूसारखा दाताखाली येतो. बिया सोडवायला मी रवी वापरते. पातेल्यात गर आणि अर्धी वाटी थंडगार दूध घालून हलक्या हाताने घुसळलं की बिया मोकळ्या होतात. मग पुरणाच्या चाळणीतून हाताने दाबून काढायचं. मिक्सरचं पातं बिया फोडतं, आणि बीच्या आतला भाग विषारी असतो. उवा मारायला बियांची पूड लावत ती त्याचमुळे, आणि ती डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. तेव्हा मिक्सर नकोच. मूठभर कळ्या हातानेच बिया काढून अख्ख्या बाजूला ठेवाव्यात. चाळलेल्या गरात १ चमचा लिंबाचा रस घालून वर प्लास्टिकचा कागद गराला चिकटेल असा लावायचा, म्हणजे हवा लागून गर तपकिरी पडत नाही.

दुधाचं प्रमाण असं: म्हशीचं १ लिटर दूध, साखर ११० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १० ग्रॅम, २५ टक्के स्निग्धांशाचं फ्रेश क्रीम २०० मिली. कॉर्नफ्लोअर कालवायला ५० मिली गार दूध बाजूला काढून बाकीचं जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत आटवायचं. साखर आणि कालवलेलं कॉर्नफ्लोअर घातल्यावर आणखी तीन मिनिटं उकळू द्यायचं, नाहीतर पिठूळ चव राहते. शेवटी सगळं मिळून ६०० ते ६५० मिली उरलं पाहिजे. बासुंदीइतकं आटवायचा मोह आवरावा. दुधातली मूळचीच साखर, म्हणजे लॅक्टोज, फार दाट झाली की गोठताना तिचे खडे धरतात आणि आईस्क्रीम जिभेला खरखरीत लागतं. साखर कमी करायची इच्छा सगळ्यांनाच होते, पण ती गोडीपुरती नसते. साखरेमुळे सगळं पाणी एकदम गोठत नाही. ती निम्म्यावर आणली तर चमचा वाकेल असा दगड हाती येतो. जीएमएस-सीएमसी (आईस्क्रीम मऊ आणि दाट करायला घालतात त्या पावडरी) वापरणाऱ्यांनी सीएमसी पाव चमच्याच्या वर जाऊ देऊ नये आणि ती कोरड्या साखरेत मिसळूनच दुधात टाकावी. थेट टाकली तर गुठळ्या होतात, जास्त झाली तर आईस्क्रीम डिंकासारखं ओढलं जातं.

दूध गार झाल्यावर क्रीम मिसळून पातेलं रात्रभर फ्रीजमध्ये. ही रात्र वगळू नये. थंडीत स्निग्धांश घट्ट होतो, मिश्रण दाटतं आणि फेटताना हवा धरतं. सकाळी चाळलेला गर घालायचा.

लाकडी बादलीचा हाताचा पॉट असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. बर्फ सुपारीएवढा फोडायचा, ४ किलो बर्फाला १ किलो जाडं मीठ, एकावर एक थर देत. मिठामुळे बर्फाचं पाणी शून्याच्या बरंच खाली जातं, आणि डब्यातलं मिश्रण चटकन गोठतं. चटकन गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात. डबा दोन तृतीयांशच भरायचा, कारण मिश्रण फुगतं. बादलीचं भोक कचऱ्याने बुजू द्यायचं नाही. खारं पाणी झाकणापर्यंत चढलं की आत शिरलंच समजा. झाकण उघडण्याआधी ओल्या फडक्याने पुसावं. वीस-पंचवीस मिनिटांत हँडल जड लागतं, तिथे थांबायचं. पुढेही फिरवत राहिलात तर लोण्याचे कण सुटतात आणि टाळूला तुपकट थर बसतो. अख्ख्या कळ्या आता मिसळून डबा चार-पाच तास फ्रीजरमध्ये.

पॉट नसेल तर फ्रीजरची कळ आदल्या रात्रीच सगळ्यात थंडवर करून ठेवावी. ॲल्युमिनियमच्या पसरट डब्यात चार सेंटीमीटरचा थर ओतायचा. दोनेक तासांनी कडा गोठतात, मधलं पातळ असतं. तेव्हा कडा खरवडून हँड ब्लेंडरने एकजीव करायचं, दीड तासाने पुन्हा. या वेळेला मिश्रणात बी नाही याची खात्री असावी. दुसऱ्या फेटण्यानंतर कळ्या. डबा मासळी-मटणापासून लांब, पृष्ठभागाला कागद चिकटवून. पॉटइतकं मऊ होत नाही, पण बाजारच्यापेक्षा चव चांगली.

वाढण्याआधी दहा मिनिटं डबा खालच्या कप्प्यात. उरलेलं पूर्ण विरघळू देऊन पुन्हा गोठवू नये, कण मोठे होतात. आठवड्यानंतर वास उतरत जातो. हंगाम संपल्यावर करायचं असेल तर आईस्क्रीमऐवजी गर साठवावा: १ किलोला १०० ग्रॅम साखर, लिंबाचा रस, आणि पिशव्या चपट्या करून फ्रीजरमध्ये. वितळवायचा तो फ्रीजमध्येच, गरम पाण्यात पिशवी बुडवून नाही. आणि दुधाच्या प्रमाणातली साखर तेव्हा ४० ग्रॅमने कमी करायची.