चित्र संगणकाने काढले, मग त्यात तुमचे काय?

सांगलीत माझी फ्रॅक्टल चित्रे, म्हणजे एकच आकार लहान होत पुन्हा पुन्हा येणारी चित्रे, कुठेही दाखवली की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्यांना प्रोग्राम म्हणजे काय ते ठाऊक असते, म्हणून थेट उत्तराकडे येते.

झाड काढणारे माझे फंक्शन, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, नावाने बोलावता येणारा सूचनांचा गट, जेमतेम दहा ओळींचे आहे. पडद्यावरचे कासव, म्हणजे सरकत रेघ ओढणारी खूण, फांदी काढते, डावीकडे वळते, तेच फंक्शन आखूड लांबी देऊन स्वतःलाच बोलावते, मग उजवीकडे तसेच करून आल्या वाटेने मागे फिरते. दहा पातळ्यांत 1,023 फांद्या होतात, आणि त्यांतली एकही मी हाताने काढलेली नसते.

तरीही काही वर्षांपूर्वीची एक दुपार मनातून जात नाही. एका प्रदर्शनात माझे झाड भिंतीवर लागले होते. वळण्याचा कोन दोन्हीकडे 25 अंश ठेवला तेव्हा ते खराट्यासारखे दिसत होते; कृष्णेच्या घाटावर रोज जाऊन, पाण्याकडे झुकलेला पिंपळ न्याहाळून, डावीकडे 20 आणि उजवीकडे 35 अंशांवर येईपर्यंत माझे तीन आठवडे गेले होते. परीक्षक चित्रापुढे थांबले, "हे हाताचे काम नाही" एवढेच म्हणाले आणि चौकट उतरवायला सांगून पुढे गेले. आई शेजारी उभी असताना मी ती खिळ्यावरून काढली. "सर, यातली प्रत्येक रेघ माझी आहे," असे मी म्हटले, तेव्हा ते पुढच्या चित्राशी पोहोचले होते.

आज वाटते, माझे ते वाक्यच चुकीचे होते. कोन, लांबीचे प्रमाण आणि किती पातळ्यांनंतर थांबायचे ती अट, एवढेच माझे होते. पण ते थोडे नव्हे. ती अट विसरले की उजवीकडची पाळी येतच नाही, कासव नुसते डावीकडेच वळत राहते, एक बारीक वेटोळे उमटते आणि हजार पायऱ्यांच्या आसपास पायथन हात टेकतो. झाड होतच नाही. स्वीडिश गणितज्ञ हेल्गे फॉन कोख यांनी 1904 मध्ये रेघेचा मधला तिसरा भाग काढून तिथे त्रिकोणाचे टोक उभारण्याचा आणि तेच प्रत्येक तुकड्यावर करत राहण्याचा नियम मांडला, आणि त्यातून होणाऱ्या वक्ररेषेला नाव त्यांचेच मिळाले. आईच्या रांगोळीतले ठिपकेही मोजूनच मांडलेले असतात, पण रांगोळी आईचीच म्हणतात.

मात्र आईला शेवटची रेघ आधीच दिसत असते. मला झाड पडद्यावर उमटेपर्यंत दिसत नाही, आणि कधी एखादा कोन सहज बदलावा तर मी कल्पिलेही नव्हते असे देखणे झाड समोर येते. त्याला माझे म्हणावे का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पुढच्या प्रदर्शनात मात्र त्या दहा ओळींचा कागद चौकटीशेजारी लावणार आहे.