तुम्ही विचारलंत म्हणून: फोटॉनिक चिपमध्ये नुसता कोड भरून का भागत नाही?

इलेक्ट्रॉनिक्सवाले मित्र हा प्रश्न हटकून विचारतात. तुमची प्रकाशाची चिप एफपीजीएसारखी, म्हणजे फाइल भरून हवं ते सर्किट बनवता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपसारखी, हवी तशी बदलता येते ना? मग फाइल लोड केली की काम सुरू व्हायला हवं. मध्येच हे कॅलिब्रेशनचं, म्हणजे एकेक भाग मोजून जुळवण्याचं, शुक्लकाष्ठ कशाला?

एफपीजीएत बिट शून्य तरी असतो नाहीतर एक. सिग्नल थोडा डळमळला तर पुढचं गेट त्याला सरळ करतं. फोटॉनिक चिपमध्ये आपण फेजचा, म्हणजे प्रकाशलहर किती पुढे-मागे आहे त्याचा, कोन बसवत असतो, समजा ७८ अंश. तिथे ८३ आले तर ती चूक तशीच पुढे जाते, वाटेत तिला कोणी दुरुस्त करत नाही. त्यात फेज बदलायची ती चिपवरचे छोटे हीटर तापवून, आणि शेजारशेजारच्या दोन हीटरना सारखंच व्होल्टेज दिलं तरी फेज सारखी मिळत नाही.

अशा चिपची वीट म्हणजे मॅक-झेंडर इंटरफेरोमीटर. एक कपलर प्रकाश अर्धा-अर्धा वाटतो, एका भुजेवरचा हीटर फेज बदलतो, दुसरा कपलर दोन्ही भुजा जोडतो. फेजफरक शून्य असेल तर प्रकाश पलीकडच्या पोर्टमधून निघतो, १८० अंश असेल तर अलीकडच्या. आठ इनपुट आणि आठ आउटपुटच्या जाळ्याला असे २८ मॅक-झेंडर लागतात आणि प्रत्येकी दोन (एक भुजेवर, एक भुजांबाहेर) धरून ५६ फेज शिफ्टर, म्हणजे फेज बदलणारे हीटर. रेक आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये त्रिकोणी मांडणी दिली, क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आयताकृती. विटा दोन्हींत तेवढ्याच. पण सर्वात लांबच्या वाटेवर त्रिकोणात १३ मॅक-झेंडर येतात, आयतात ८, आणि आयतात सगळ्या वाटांवरचा लॉस, म्हणजे वाया जाणारा प्रकाश, जवळपास सारखा राहतो. कॅलिब्रेशनला मात्र त्रिकोण सोयीचा, कारण कोपऱ्यापासून एकेक मॅक-झेंडर सुटा करत जाता येतं.

सिलिकॉनचा अपवर्तनांक दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०००१८ ने वाढतो. १५५० नॅनोमीटरला १०० मायक्रॉन लांबीच्या हीटरखाली १८० अंश फेज हवी असेल तर वेव्हगाइड (प्रकाश वाहून नेणारी सिलिकॉनची पट्टी) चाळीसेक अंशांनी तापवावा लागतो. साध्या हीटरला त्यासाठी २०-२५ मिलिवॅट लागतात. भोवतालचं ऑक्साइड कोरून हवेची पोकळी केली तर काही मिलिवॅटवर भागतं, पण मग थंड व्हायलाही वेळ लागतो: दहा-वीस मायक्रोसेकंदांचं काम शेकड्यांवर जातं. वेग आणि बचत दोन्ही एकदम मागणाऱ्याला उष्णता भीक घालत नाही.

कॅलिब्रेशनची सुरुवात चिपखालच्या टीईसीपासून, म्हणजे विजेवर गरम-थंड करणाऱ्या पट्टीपासून. तापमान ०.०१ अंशाच्या आत धरून ठेवायचं. फायबरमधला प्रकाश चिपमध्ये घेणारे ग्रेटिंग कपलर एकच ध्रुवीकरण नीट आत घेतात, म्हणून पोलरायझेशन कंट्रोलर फिरवून आउटपुट कमाल करून घ्यायचं. मग एकेक हीटर स्वीप करायचा, पण व्होल्टेजच्या समान पायऱ्यांनी नको. फेज पॉवरच्या, म्हणजे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पायऱ्या वर्गाच्या घ्या, नाहीतर सुरुवातीला बिंदूंची गर्दी होते आणि शेवटी दुष्काळ पडतो. एक पूर्ण आवर्तन दिसेपर्यंत जा आणि त्यावर कोसाइन बसवा. शून्य व्होल्टला फेज शून्य नसतेच: दोन भुजांच्या रुंदीत काही नॅनोमीटरचा फरक पडला तरी मूळ फेज कुठेही जाऊन बसते.

आता खरी डोकेदुखी. एकेकटे बरोबर बसवलेले हीटर एकदम चालू केले की सगळं बिघडतं. दोष बहुतेक वेळा थर्मल क्रॉसटॉकला, म्हणजे एका हीटरच्या उष्णतेने दुसऱ्याची फेज हलण्याला, दिला जातो, पण आधी ग्राउंड तपासा. समजा प्रत्येक हीटर ५०० ओहमचा आहे. २५ मिलिवॅटला त्यावर ३.५ व्होल्ट आणि ७ मिलिअँपिअर. असे ५६ हीटर एकाच ग्राउंडवर, आणि त्या तारेचा रोध अवघा १ ओहम. सगळे चालू झाले की ग्राउंड ०.३५ व्होल्टच्या आसपास वर उचललं जातं, प्रत्येक हीटरची पाचवा हिस्सा पॉवर जाते आणि १८० अंशांचे १४५ होतात. ओळखायची खूण सोपी आहे. उष्णतेचा त्रास अंतरासोबत ओसरतो, ग्राउंडचा चिपच्या दुसऱ्या टोकालाही तितकाच. उपाय म्हणजे जास्त ग्राउंड पॅड किंवा व्होल्टेजऐवजी करंट सोर्स. तापल्यावर हीटरचा रोधही बदलतो, म्हणून करंटसोबत व्होल्टेज मोजून गुणाकार स्थिर ठेवलेला बरा. एवढं करून जे उरतं ते खरं थर्मल क्रॉसटॉक. त्यासाठी प्रत्येक हीटरचा प्रत्येक फेजवर होणारा परिणाम मोजून मॅट्रिक्स भरायचं आणि त्याचं व्यस्त वापरायचं.

काही दोष मात्र सॉफ्टवेअरच्या आवाक्याबाहेरचे. मॅक-झेंडरचे दोन्ही कपलर ५०:५० ऐवजी ४८:५२ निघाले तर एका पोर्टवर २८ डेसिबलच्या खाली अंधार करताच येत नाही. ४५:५५ असतील तर २० वरच थांबावं लागतं. कोणतीही फेज देऊन बघा. कपलरच्या जागीच छोटा मॅक-झेंडर बसवणं हा इलाज आहे, पण त्याने हीटर आणि लॉस दोन्ही वाढतात. मुळात प्रत्येक मॅक-झेंडरचा लॉस ०.३ डेसिबल आणि दोन्ही टोकांच्या ग्रेटिंगचा तीन-तीन धरला, तरी आयताकृती जाळ्यात ८.४ डेसिबल जातात. १० मिलिवॅट घाला, १.४ बाहेर येतील.

फिल्टरसाठी वापरतात त्या रिंग, म्हणजे गोल वळवलेले वेव्हगाइड, आणखी नाजूक. १० मायक्रॉन त्रिज्येच्या सिलिकॉन रिंगचे रेझोनन्स, म्हणजे ती पकडते त्या तरंगलांबी, नऊएक नॅनोमीटरच्या अंतराने येतात आणि दर अंशाला ०.०७-०.०८ नॅनोमीटर सरकतात. क्यू, म्हणजे रेझोनन्सच्या टोकदारपणाचं माप, १०,००० असेल तर दोन अंशांत रेझोनन्स आपल्या पूर्ण रुंदीइतका हलतो. इथे साठवलेल्या आकड्यांवर विसंबून चालत नाही. प्रकाश मोजणारा मॉनिटर फोटोडायोड लावून आणि हीटरवर बारीक डिदर (मुद्दाम दिलेलं हलकं कंपन) देऊन लूप बंद करावाच लागतो, म्हणजे मोजमापावरून हीटर सतत सुधारत राहावा लागतो. लेझरची पॉवरही कमी ठेवा. जास्त झाली तर रिंग स्वतःच्याच प्रकाशाने तापते आणि रेझोनन्स करवतीच्या दातासारखा एका बाजूला कलतो. शंका आली तर स्वीप उलट दिशेने करून बघा.

हीटरऐवजी दुसरं काही? कॅरिअर इंजेक्शन, म्हणजे सिलिकॉनमध्ये विद्युतभार सोडणं, नॅनोसेकंदांत काम करतं, पण फेजसोबत शोषणही वाढवतं. विद्युतक्षेत्राने फेज बदलणारा लिथियम निओबेटचा स्फटिक वेगवान आणि स्वच्छ. त्याचा डीसी बायस, म्हणजे स्थिर व्होल्टेजने ठरवलेला कामाचा बिंदू, मात्र तासागणिक सरकतो, म्हणून बायससाठी पुन्हा हीटरच लावले जातात. दूरसंचाराच्या बऱ्याच कामांना हीटरचा वेग पुरतो, कारण डेटा वेगळा मॉड्युलेटर चढवतो आणि जाळं फक्त वाट ठरवतं. पॅकेट-पॅकेटला वाट बदलायची असेल तर मात्र मायक्रोसेकंद फार होतात.

तेव्हा फाइल लोड होते, पण ती त्या एका चिपची असते. तिच्यात प्रत्येक हीटरची मूळ फेज, उतार, रोध आणि क्रॉसटॉक मॅट्रिक्स असतं, शिवाय कोणत्या तापमानाला आणि तरंगलांबीला मोजलं तेही. त्याच वेफरवरच्या शेजारच्या चिपला ती चालत नाही. चिप पॅकेजमध्ये चिकटवल्यावर उष्णतेच्या वाटा बदलतात, त्यामुळे निदान मॅट्रिक्स तरी पुन्हा मोजावं लागतं.