गच्चीवरचा डायपोल, एफटी८ आणि ‘नक्की कुठली फ्रिक्वेन्सी?’

मुलुंडला आमच्या गच्चीवर हॅम (हौशी) रेडिओसाठी २० मीटर बँडचा डायपोल, म्हणजे तारेचा अँटेना, एकदाचा चढला, सोसायटीचं लेखी पत्रही मिळालं, आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं साउंड कार्ड रिगला (रेडिओ सेटला) जोडून एफटी८ (कॉम्प्युटरवरून छोटे डिजिटल संदेश पाठवायचा मोड) मस्त चालू आहे. संध्याकाळी एलईडी आणि लिफ्टचा नॉइज चढतो म्हणून पहाटेच बसतो.

आता व्हिस्पर (WSPR, कमी पॉवरचा सिग्नल कुठवर पोचतो ते बघायचा मोड) आणि आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप, दोन टोनने मजकूर पाठवायचा मोड) यांच्याकडे वळतोय. आणि यात मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे फ्रिक्वेन्सी सांगायची पद्धत, कारण प्रत्येक मोडची वेगळी आहे. एफटी८ला सगळे डायल (रिगवर दिसणारी फ्रिक्वेन्सी) सांगतात, १४.०७४ मेगाहर्ट्झ, अप्पर साइडबँड (म्हणजे सिग्नल डायलच्या वर). पण हवेत आपण तिथे नसतोच, ऑडिओ डायलमध्ये मिळवायचा, वॉटरफॉलवर (स्क्रीनवर सिग्नल दिसतात त्या पट्ट्यावर) १५०० हर्ट्झला बसलो तर सिग्नल १४.०७५५ला जातो. डायल म्हणजे चाळ आणि ऑडिओ म्हणजे खोली नंबर, एका चाळीत ५०-५० हर्ट्झचे कितीतरी बिऱ्हाडकरू. पीएसके रिपोर्टर या वेबसाइटवर आपला स्पॉट (कुणीतरी आपल्याला ऐकल्याची नोंद) बघा, तिथे ही बेरीजच दिसते. आणि सॉफ्टवेअरमध्ये स्प्लिट (ट्रान्समिटला वेगळा डायल वापरायची सोय) चालू असेल तर ट्रान्समिट करताना डायल स्वतःच सरकतो, घाबरू नका, ६०० हर्ट्झला असाल तर डायल १ किलोहर्ट्झ खाली जाऊन ऑडिओ १६०० होतो, हवेतली जागा तीच राहते आणि ऑडिओचे हार्मोनिक (टोनच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीचे नको असलेले सूर) रिगच्या फिल्टरच्या बाहेर पडतात. फार सुंदर युक्ती आहे ही!

व्हिस्परला डायल १४.०९५६, पण सिग्नल १४.०९७० ते १४.०९७२ या २०० हर्ट्झच्या पट्टीतच हवा. कुणी नुसतं ‘१४.०९७१’ म्हणालं आणि समोरच्याने तेच डायलला लावलं तर तो दीड किलोहर्ट्झ वर, पट्टीच्या पार बाहेर.

आरटीटीवायमध्ये मार्कची (दोन टोनपैकी एक, दुसरा स्पेस) फ्रिक्वेन्सी सांगायची प्रथा आहे. साउंड कार्डने लोअर साइडबँडवर केलं तर ऑडिओ वजा होतो, म्हणजे डायल १४.०८५, मार्कचा टोन २१२५, तर हवेत मार्क १४.०८२८७५, स्पेस त्याच्या १७० हर्ट्झ खाली. म्हणून नुसता आकडा अर्धवटच वाटतो मला, डायल की मार्क हे सोबत यायलाच हवं.

रविवारी पहाटे पीएसके३१ या आणखी एका डिजिटल मोडवर असेन: डायल १४.०७०, अप्पर साइडबँड, ऑडिओ १०००. पुणे-नाशिकवाले स्किपमध्ये (सिग्नल डोक्यावरून जातो त्या जवळच्या पट्ट्यात) जातील, पण दिल्ली-कोलकात्याकडे कुणी मराठी हॅम असेल तर नक्की हाक मारा. ७३ (हॅम भाषेत शुभेच्छा)!