काळी माती, पांढरा फेस

सोमवारी सकाळी शटर अर्धं वर गेलं होतं, तेवढ्यात दारात टेम्पो येऊन उभा राहिला. मागे दोरांनी आवळून बांधलेली अण्णांची येझदी, मीच नव्यानं उभी करून दिलेली जुनी मोटारसायकल. त्यांचा नातू खाली उतरला आणि म्हणाला, "काका, एकदम स्वच्छ करून आणलीये. फक्त इंजिनचा रंग का उडाला तेवढं बघा."

त्या इंजिनाला मी रंग दिलाच नव्हता.

क्लचकडचं कव्हर, डायनॅमोकडचं कव्हर, दोन्ही नुसती घासलेली ॲल्युमिनियमची. 220 नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात, मग आणखी बारीक 400, 800, 1200, आणि शेवटी मोटरवर फिरणारा कापडी बफ. तीन दिवस खांदे भरून आले होते. गाडी दिली त्या दिवशी कव्हरमध्ये बघून भांग पाडता आला असता. आणि आता तीच कव्हरं राखाडी, मेल्यासारखी, त्यावर चुन्याच्या निवळीसारखे पांढरे ओघळ. अंगठा फिरवला, तर अंगठा काळा झाला. चिखल नाही, ग्रीस नाही. तव्याच्या मागच्या काजळीसारखं काहीतरी.

गाडीबद्दल सांगायला हवं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली 250 सीसी, टू-स्ट्रोक, गिअर आणि किक एकाच दांड्यावर. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. जावा मूळची चेक कंपनी, तिची तिकडचीच चुलत बहीण सीझेड. तिच्यावर ज्योएल रोबेर या बेल्जियन पोरानं 1964 मध्ये 250 सीसीची मोटोक्रॉसची, म्हणजे मातीतल्या शर्यतींची, जागतिक स्पर्धा जिंकली होती. आमच्याकडे तसली गाडी कोण आणून देतो? म्हणून अण्णांसारख्या हौशी लोकांनी रस्त्यावरचीच येझदी सोलली. बंद चेनकेस काढून टाकलं, मडगार्ड कापून वर उचललं, सायलेंसर वर वळवले, गुट्ट्यांचे टायर चढवले आणि मातीत घातली. अण्णांची ती गाडी पुढे पस्तीस वर्षं गोठ्यात पडून होती. टाकीत उंदरांचं घरटं निघालं. माझ्याकडे ती चौदा महिने होती, आणि पहिल्याच दिवशी अण्णांनी बजावलं होतं, "मला ती चालवायचीये. काचेच्या कपाटात ठेवायला करत नाहीये मी."

मी हो हो म्हटलं आणि केली मात्र कपाटात ठेवण्यासारखी. हा आमच्या धंद्यातला जुना रोग. फोटो चांगले येतात ना!

तर, रविवारी नातवानं ती भोरच्या बाजूला एका पडीक रानात पळवली. पाऊस नुकताच उघडला होता. काळी माती. ती ओली असते तेव्हा कणकेसारखी चिकटते आणि वाळली की आकसून दगड होते. दुपारी परत येताना हायवेवर वॉशिंग सेंटर दिसलं.

"कसं धुतलं?"

"फोम मारला त्यांनी. पूर्ण पांढरी झाली होती गाडी. भारी दिसत होती, व्हिडिओ पण काढलाय. मग प्रेशरनं उडवलं."

"इंजिन गार होतं?"

"नाही, थेट चालवतच गेलो ना. टेम्पो मग नंतर बोलावला, कारण सुरूच होईना."

"तिथे ट्रक धुतात का?"

"हो, ट्रकच जास्त होते."

झालं. ट्रकच्या चासीवरचं वर्षाचं ऑइल पाच मिनिटांत काढायचं तर साधा शाम्पू पुरत नाही. त्या फेसात कॉस्टिक सोडा असतो. लोखंडाला तो फारसं काही करत नाही, पण ॲल्युमिनियम खातो. खाताना कास्टिंगमधलं सिलिकॉन आणि इतर मिश्रण मागे राहतं, तीच ती काजळी. गरम धातूवर हे सगळं आणखी झपाट्यानं होतं. मी वाकून हब, म्हणजे चाकांचे मधले गड्डे, पाहिले. तेही ॲल्युमिनियमचेच, पण थोडेच मंदावले होते. चाकं गार होती ना. सगळ्यात वाईट अवस्था कव्हरांची. नवीन स्पोकवरचं जस्तही मळकट झालं होतं. रिमचं क्रोम मात्र जसंच्या तसं. म्हणजे शंकेला जागाच नव्हती.

पुढे एकेक उघडत गेलो. डायनॅमोकडचं कव्हर काढलं, आत चमचाभर पाणी आणि ज्यामुळे ठिणगी पडते त्या पॉइंटवर ओल. म्हणून सुरू होत नव्हती. एअर फिल्टरचा फोम पिळला तर दूध घातलेल्या चहासारखं पाणी निघालं. कार्ब्युरेटरच्या कटोरीतही दोन थेंब तळाशी फिरत होते. मागचं चाक हातानं फिरवलं, तर करकर आवाज आला. ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी साठून रात्रभरात गंजाची पातळ साय धरली होती. बेअरिंगमधलं ग्रीस प्रेशरनं बाहेर फेकलं गेलं होतं. एवढं करून मागच्या मडगार्डखाली बोट घातलं, तर बोटभर जाडीची माती तशीच. जिथं फेस दिसतो तिथंच धुतलं होतं.

पोराचा चेहरा उतरला. मला रागही येत होता आणि बोलताही येईना.

अकराच्या सुमाराला अण्णा रिक्षानं आले. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेत, पण गाडीपुढे उकिडवेच बसतात. त्यांनीही कव्हरावर अंगठा फिरवला, अंगठा पाहिला, धोतराला पुसला. नातू पुटपुटला, "अण्णा, सॉरी." अण्णांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. मला विचारलं, "याला सांगितलं होतंस का रे, कशी धुवायची ते?"

नव्हतं सांगितलं. गाडी दिली तेव्हा पेढे वाटले, हार घातला, फोटो काढले. टू-स्ट्रोक ऑइल किती घालायचं ते लिहून दिलं. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं, म्हणून महिनाभर उभी राहणार असेल तर कटोरी रिकामी कर, हेसुद्धा सांगितलं. धुण्याबद्दल एक शब्द नाही. धुणं हे काय सांगायचं काम आहे, असंच वाटलं असणार.

"आम्ही विहिरीवर धुवायचो," अण्णा म्हणाले. "बादली आणि गोणपाट. गोणपाटानं रंग खरवडून निघायचा, पण गाडी सुरू व्हायची."

मग ठरवलं, आधी उरलेली माती काढू, आणि ती पोरानंच काढायची. मी फक्त स्टुलावर बसून सांगणार. सायलेंसरच्या तोंडात चिंधीचा बोळा कोंबला, कार्ब्युरेटरच्या तोंडावर पिशवी आणि रबरबँड. बागेची नळी, तिला नोझल नाही. धार अंगठ्यानं जमेल तेवढीच. त्यानं लगेच फडकं घेतलं, तसा मी ओरडलो. वाळलेल्या मातीवर फडकं फिरवणं म्हणजे टाकीला पॉलिश पेपर मारणं. आधी नुसती भिजवायची. वीस मिनिटं. चहा पिऊन ये. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि स्वतःच सुटायला लागते, तिच्याशी झटापट करायची नाही. आणि खरंच, चहा होईपर्यंत मडगार्डखालचा गठ्ठा आपल्या वजनानं धप्पकन खाली पडला. पोरगं हसलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

नंतर रंगाऱ्याचा दोन इंची ब्रश. त्याच्या पत्र्याच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळायची, नाहीतर त्या पत्र्याचेच ओरखडे उठतात. स्पोकच्या मुळाशी बाळाच्या बाटलीचा ब्रश. हेडच्या पात्यांमध्ये माती राहिली तर इंजिन तापतं, तिथं जुना टूथब्रश. चेनला रॉकेल, पण टायरला आणि सीटला त्याचा थेंब लागता कामा नये. सायलेंसरच्या सांध्यातून टू-स्ट्रोकचा काळा रस गळतो आणि त्यावर धूळ बसते. तिथं जरा जास्त रॉकेल. कॉम्प्रेसरची हवा सगळीकडे मारायची, फक्त बेअरिंगच्या तोंडावर नाही. दोन्ही ड्रम उघडून ब्रेकचे लायनर उन्हात ठेवले. पोराला हे सगळं लिहून घ्यायचं होतं. अण्णा म्हणाले, "लिहू नकोस, हात घाल."

राहिला प्रश्न कव्हरांचा. भरपूर पाण्यानं खळाखळा धुतली, म्हणजे कॉस्टिकचा अंश राहायला नको. मग मी बफची मोटर काढायला उठलो. पुन्हा तीन दिवस, मनात हिशोब चालूच होता. अण्णांनी हात धरला.

"आरसा नको."

"अहो अण्णा, पण आता तो डाग..."

"कारखान्यातून आली तेव्हा तरी ती इतकी चकचकीत कुठं होती? तू आरसा केलास, म्हणून हा घाबरला. नुसता चिखल बघून घाबरला. घाबरला नसता तर घरी बादलीनं धुतली असती त्यानं."

मला ते लागलं. उत्तर नव्हतंच. आरसा केलेलं ॲल्युमिनियम पहिल्याच चिखलात ओरखडतं, मग ते झाकायला पुन्हा बफ. प्रत्येक बफला धातू थोडा झिजतो, कव्हरावरची अक्षरं बोथट होत जातात. हे मला वीस वर्षं माहीत आहे. दुसऱ्याला सांगतोसुद्धा.

हिरवा स्क्रबर घेतला, घरात भांड्यांना वापरतात तोच, साबणाच्या पाण्यात बुडवून. एकाच दिशेनं, पुढून मागे. काजळी निघत गेली आणि खाली मंद, रेशमी चंदेरी रंग आला. तासाभरात दोन्ही कव्हरं झाली. वरून मेणाचा पातळ हात. पुढच्या वेळी मातीत जाण्याआधी कव्हरांवर डब्ल्यूडी-फोर्टी मारून घे, चिखल धरत नाही, पण ब्रेकच्या आसपास मारायचं नाही, असं पोराला सांगितलं. किकच्या दांड्यामागे बोटं पोहोचत नाहीत, तिथं नाण्याएवढा राखाडी डाग राहिला. दांडा काढून घासतो म्हटलं, अण्णा नको म्हणाले.

चार वाजता पॉइंट पुसून, नवा फिल्टर तेलात पिळून बसवला. पोरानं किक मारली. चौथ्या किकला निळा धूर आणि तो टणटण आवाज. समोरचा भेळवाला बघायला लागला. "बंद करू नकोस," मी म्हटलं, "गल्लीत दहा मिनिटं फिरव, ब्रेक धरत-सोडत. ड्रम वाळले पाहिजेत. ओली उभी केलीस तर लायनर ड्रमला चिकटतील." तो फिरत राहिला. अण्णा पायरीवर बसून दर फेरीला आवाज ऐकत होते. तिसऱ्या फेरीला म्हणाले, "मिक्श्चर थोडं जाड आहे." होतं खरं, हवेच्या मानानं पेट्रोल जरा जास्त जात होतं.

बिलात मी फक्त फिल्टर, ग्रीस आणि बेअरिंगचे पैसे लावले. निघताना पोरगं परत आत आलं. मला वाटलं हेल्मेट विसरलं असेल. त्याला तो दोन इंची ब्रश हवा होता, चिकटपट्टीसकट.